लेखिकेचा नववा महिना

लिहिण्याचें काम हें बसून करावयाचें काम, आणि म्हणून तें हलकें, असा समज सर्वत्र आढळतो. शेतांत निंदण करणारी किंवा दिवसभर वर्गांत उभी राहून शिकविणारी स्त्री गर्भवती असली, म्हणजे तिच्या श्रमांची चार माणसें चौकशी करतात. परंतु कागद किंवा संगणक पुढें घेऊन बसलेल्या स्त्रीला मात्र "तुला काय, तूं तर बसूनच असतेस" एवढेंच ऐकावें लागतें. वस्तुतः बोटें, मनगट, पाठ, डोळे, झोंप आणि स्मरणशक्ति यांवर लेखनाचा सारा भार असतो, आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत नेमकीं हींच साधनें एकामागून एक असहकार पुकारतात. त्यांची कारणें काय, त्यांवर साधे उपाय कोणते, आणि त्यांपैकीं कोणत्या तक्रारी मुळींच सोसूं नयेत, हें ठाऊक असणें लेखिकेला जितकें अवश्य आहे, तितकेंच तें तिच्या घरच्या माणसांनाहि अवश्य आहे.

उदाहरणासाठीं वाशीम जिल्ह्यांतील रिसोड हें तालुक्याचें गांव घेऊं. पहिल्या बाळंतपणाला मुलीनें माहेरीं यावें, ही चाल आजहि पुष्कळ घरांत टिकून आहे. पुण्यामुंबईस राहून भाषांतरें, सदरें, पाठ्यपुस्तकें किंवा मालिकांचे संवाद लिहिणारी एखादी स्त्री डोहाळजेवण आटोपून अशा गांवीं येते, तेव्हां तिच्याबरोबर तिचें कामहि येतें. सन १९६१ च्या मातृत्व-लाभाच्या कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली खरी. परंतु अशी रजा नोकरीशीं बांधलेली असते, आणि शब्दागणिक किंवा पानागणिक मोबदला घेणाऱ्या लेखिकेला ती कोणी द्यावयाची, हा प्रश्नच असतो. म्हणून प्रसूतीपूर्वीं हातांतलें काम पुरें करावें, अशी तिची धडपड असते. शहरांतलें टेबल आणि खुर्ची मात्र शहरांतच राहिलेलीं असतात. येथें पलंग असतो, झोपाळा असतो, फार तर धाकट्या भावाचें अभ्यासाचें मेज असतें. आणि अडचणींना येथूनच आरंभ होतो.

सर्वांत आधीं तक्रार करतो तो हात. पहांटे जाग येते ती आंगठा, तर्जनी व मधलें बोट बधिर होऊन त्यांना मुंग्या आल्यामुळें. हात झटकला कीं थोडें बरें वाटतें. पण सकाळीं लिहावयास बसावें तों पुन्हां तेंच. याचें कारण असें कीं, गर्भारपणांत शरीरांतील एकंदर पाणी सहा ते आठ लिटरांनीं वाढतें. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडें आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्यें एक अरुंद बोगदा असतो. बोटें मिटविणाऱ्या नऊ दोऱ्या आणि आंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंत स्पर्शज्ञान पुरविणारा एक मज्जातंतु हीं सर्व त्या एकाच बोगद्यांतून जातात. बोगद्याच्या भिंती ताणल्या जात नाहींत. त्यामुळें आंत सूज आली, म्हणजे चेंगरला जातो तो मऊ मज्जातंतुच. करंगळीचा संबंध दुसऱ्या मज्जातंतूशीं असल्यामुळें ती बहुधा शाबूत राहते, आणि यावरूनच दुखण्याची ओळख पटते.

मनगट वांकलें कीं हा बोगदा अधिकच आवळतो. म्हणून झोंपेंत मनगट सरळ राहील असा आधारपट्टा रात्रीं बांधणें, हा यावरचा पहिला उपाय. मोबाईल दोन्ही हातांत धरून आंगठ्यानें लांबच लांब मजकूर लिहिणें हें तर या दिवसांत सर्वांत वाईट. कारण मनगट वांकलेलें आणि आंगठा अखंड राबणारा, असा दुहेरी जाच त्यांत असतो. कळफलक कोपरांच्या पातळीवर किंवा किंचित् खालीं असावा, आणि बोटांतल्या आंगठ्या सूज चढण्यापूर्वींच काढून ठेवाव्यात. बहुतेक स्त्रियांचें हें दुखणें प्रसूतीनंतर कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतें. तथापि हातांतून वस्तु गळूं लागल्या किंवा बधिरपणा अखंड राहूं लागला, तर डॉक्टरांस दाखविणें इष्ट होय.

हातामागून पाळी येते बसण्याची. वाढलेला गर्भाशय छाती व पोट यांमधील पडद्याला सुमारें चार सेंटिमीटर वर ढकलतो. जठरावरहि त्याचा दाब येतो. त्यांतच गर्भारपणीं वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या द्रव्यामुळें अन्ननलिकेच्या तळाशीं असलेली झडप सैल पडते. म्हणून धाप लागते, छातींत जळजळतें आणि आंबट पाणी वर येतें. पलंगावर मांडी घालून, पुढें वांकून लॅपटॉपवर लिहिणारी स्त्री हे सर्व दाब स्वतःच्या हातानें वाढवीत असते. पाठीमागें गुंडाळलेली चादर, पायांखालीं जेवणाचा पाट आणि डोळ्यांच्या पातळीपर्यंत पडदा चढेल अशीं चार जाड पुस्तकें, एवढी सामग्री रिसोडच्या कोणत्याहि घरांत मिळण्यासारखी आहे. पडदा असा उंचावला, तर खालीं टेकविण्यासाठीं वेगळा कळफलक मात्र घ्यावा लागतो. आणि तो फारसा महाग नसतो. एकाच वेळीं पोटभर जेवण्याऐवजीं थोडें थोडें चार-पांच वेळां खावें, आणि जेवतांच आडवें होऊं नये, म्हणजे जळजळहि आटोक्यांत राहते.

फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यानें पावलें सुजतात. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर गर्भाशयाचा भार पडतो, हें त्याचें एक कारण. शिवाय या काळांत रक्त गोठण्याची प्रवृत्तिहि वाढलेली असते. यास्तव अर्ध्या-पाऊण तासानें उठून चार पावलें चालणें हें केवळ आरामासाठीं नव्हे, तर पायांतील शिरांत गुठळी होऊं नये म्हणूनहि अगत्याचें आहे. वारंवार लघवीस जावें लागतें म्हणून लेखिका वैतागते, पण तो शरीरानेंच लावून दिलेला गजर समजावा. तो बंद पाडण्यासाठीं पाणी कमी पिणें ही मोठी चूक होय. वऱ्हाडांत एप्रिल-मे महिन्यांत उष्णतेचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत पाणी कमी पडलें, तर चक्कर येते, लघवीचे विकार होतात आणि कधीं कधीं अवेळीं कळाहि येऊं लागतात.

रात्रीं उताणें निजल्यास त्याच मोठ्या शिरेवर अधिक भार येऊन बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊं शकतो. म्हणून २८ व्या आठवड्यापासून कुशीवर निजण्याचा सल्ला आज दिला जातो. जाग येतांना आपण उताण्या आहोंत असें आढळलें, तर घाबरून न जातां नुसती कूस बदलावी.

याहून सूक्ष्म असा त्रास डोळ्यांचा आणि स्मरणाचा. डोळ्यांच्या बाहुलीवरील पारदर्शक पटलांत पाणी साठून तें किंचित् जाड होतें. डोळे कोरडेहि पडतात. परिणामीं जुना चष्मा अचानक जुळेनासा वाटतो. हा बदल बहुधा तात्पुरता असल्यामुळें नवा चष्मा करण्याची घाई न करतां प्रसूतीनंतर कांहीं आठवड्यांनीं डोळे तपासून घेणें शहाणपणाचें. स्मरणाचें म्हणाल, तर नेहमीचा शब्द ओठांवर येऊन अडतो, एकच परिच्छेद दोनदां लिहिला जातो, आणि "हातचें कसब तर गेलें नाहीं ना" अशी भीति लेखिकेच्या मनांत शिरते. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, शेवटच्या तीन महिन्यांत स्मरणांत थोडी घट होते हें खरें. पण ती निरोगी माणसाच्या नेहमीच्या मर्यादेंतच राहते. तुटक झोंपेचा भार त्यावर पडला कीं ती अधिक जाणवते, इतकेंच. म्हणून नवें, अवघड लेखन सकाळच्या ताज्या घटकेला करावें, दुपारीं मुद्रितें तपासावींत किंवा नकला कराव्यात, आणि सुचलेलें सर्व तत्काळ टिपून ठेवावें. स्मरणाला दोष देण्यापेक्षां वही जवळ बाळगणें बरें.

आतां यंत्रांकडे वळूं. तालुक्याच्या गांवीं ऐन दुपारीं वीज जाणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. आणि वीज गेली, म्हणजे पंखा व संगणक दोन्ही एकदमच थांबतात. एरवीं हंसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नवव्या महिन्यांत रडावयास लावते, कारण गमावलेलीं दोन पानें पुन्हां लिहिण्याचें त्राण बोटांत उरलेलें नसतें. लिहिलेला मजकूर दर दिवशीं दुसऱ्या ठिकाणीं उतरवून ठेवणें, आणि पुरें झालेलें प्रकरण हातीं न ठेवतां लगेच प्रकाशकाकडे धाडून देणें, हीच यावरची तोड.

मराठी लिहिण्याची पद्धतिहि येथें विचारांत घेण्याजोगी आहे. पुष्कळजण रोमन अक्षरें दाबून देवनागरी उमटवितात. या रीतीनें "भारत" हा शब्द लिहितांना सहा-सात कळा दाबाव्या लागतात. सन १९९१ मध्यें भारतीय मानकांत समाविष्ट झालेल्या इनस्क्रिप्ट मांडणींत तोच शब्द चार अक्षरखुणांत होतो. शिवाय स्वर डाव्या हाताकडे व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे असल्यामुळें श्रमाची वांटणी बरीच सम होते. दुखऱ्या मनगटाला हा फरक दिवसाच्या अखेरीस चांगलाच जाणवतो. परंतु नवी मांडणी शिकावयाची ती पहिल्या महिन्यांत, नवव्यांत नव्हे. तेव्हां उपयोगी पडतें तें बोलून लिहिणें. गूगलनें २०१७ च्या ऑगस्टमध्यें मराठीसाठीं ही सोय उपलब्ध केली. बोललेलें वाक्य पडद्यावर उमटतें, मात्र विरामचिन्हें गळतात, विशेषनामें बिघडतात आणि वऱ्हाडी बोलींतला एखादा शब्द तर कांहींच्या बाहींच होऊन बसतो. त्यांत धापेमुळें वाक्य मध्येंच तुटतें. यास्तव लहान लहान वाक्यें बोलून कच्चा खर्डा करून घ्यावा, आणि दुरुस्ती मागाहून करावी. घामेजलेल्या बोटाचा ठसा मोबाईलला पटेनासा होतो, तेव्हां तो उघडण्याची अंकांची खूण घरांतील दुसऱ्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असावी. तिचें महत्त्व काय, तें पुढें दिसेलच.

लिहिणारांचा चहा हाहि येथें उल्लेखिला पाहिजे. सन २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील दर शंभर गर्भवतींपैकीं ५२ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळलें. थकवा, धाप आणि लक्ष न लागणें हीं लेखनाला नडणारीं लक्षणें रक्तक्षयाचींहि असतात. त्यासाठीं लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यावयास सांगतात. परंतु गोळीच्या मागोमाग चहा घेतला, तर त्यांतील टॅनिनमुळें लोह अंगीं लागत नाहीं. गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचें अंतर राखावें, आणि गोळीबरोबर लिंबू किंवा आंवळा घ्यावा, म्हणजे लोह अधिक शोषलें जातें. एवढ्याशा बदलानें पुष्कळ फरक पडतो.

येथवर सांगितलेल्या तक्रारी त्रासदायक असल्या, तरी सोसण्याजोग्या आहेत. परंतु याच तक्रारींचें रूप घेऊन येणाऱ्या कांहीं गोष्टी अगदीं निराळ्या असतात, आणि खरा धोका या सारखेपणांत आहे. डोकें दुखतें, तर तें रात्रभर पडद्याकडे पाहिल्यामुळें असेल. डोळ्यांपुढें अंधारी येते, तर ती चष्म्यामुळें असेल. बोटें सुजलीं, तर तीं लिहून लिहून सुजलीं असतील. छातीखालीं दुखतें, तर तें पित्त असेल. लेखिकेजवळ प्रत्येक लक्षणाला एक सोयीस्कर कारण तयार असतें. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, आणि लघवींतून प्रथिन जाऊं लागलें किंवा यकृत, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांवर परिणाम दिसूं लागला, तर त्या विकाराला पूर्वाक्षेपक म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. न थांबणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें चमकणाऱ्या रेषा किंवा अंधुकपणा, बरगड्यांखालीं उजवीकडे किंवा मध्यभागीं दुखणें, आणि चेहऱ्यावर व हातांवर एकाएकीं चढलेली सूज हीं त्याचीं लक्षणें होत. वेळीच उपचार न झाल्यास झटके येऊन माता व बालक दोघांच्याहि जिवावर बेततें. कधीं कधीं हा विकार प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांतहि उद्भवतो.

समाधानाची गोष्ट ही कीं, त्याची ओळख पटविणें अवघड नाहीं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणें आणि लघवी तपासणें या दोन स्वस्त परीक्षा त्याला पुरेशा होतात. सन २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील परीक्षणांत असें सिद्ध झालें कीं, मॅग्नेशियम सल्फेट या जुन्या व अल्पमोली औषधानें झटक्यांचा धोका निम्म्याहूनहि कमी होतो. म्हणजे उपाय आहे, तो स्वस्त आहे. प्रश्न फक्त वेळेवर पोंचण्याचा आहे.

आणि येथेंच रिसोडचें स्थान महत्त्वाचें ठरतें. सन १९९८ मध्यें अकोल्यापासून वाशीम जिल्हा वेगळा झाल्यामुळें जिल्ह्याचें ठिकाण जवळ आलें. तरी रिसोडहून वाशीम रस्त्यानें ४५ किलोमीटरांच्या आसपास आहे. रिसोडला रेल्वे नाहीं. वाशीमला २०२४ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. परंतु मध्यरात्रीं हें अंतर कापावयाचें, तर वाहन कोणतें, बरोबर कोण जाणार आणि कागदपत्रें कोठें आहेत, हें आधींच ठरलेलें असलें पाहिजे. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठीं १०८ आणि गर्भवतींच्या मोफत वाहनासाठीं १०२ हे क्रमांक घरांतल्या सर्वांना तोंडपाठ असावेत. मोबाईलची खूण दुसऱ्याला ठाऊक असावी, ती यासाठींच. सन २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची विशेष तपासणी विनामूल्य होते. शहरांतून माहेरीं आलेल्या स्त्रीनें तिकडील सर्व तपासण्यांचें कार्ड व अहवाल बरोबर आणून पहिल्या आठवड्यांतच येथील डॉक्टरांना दाखवावेत. कामाच्या फायली आणल्या आणि आरोग्याच्या विसरल्या, असें होऊं नये.

आणखीहि कांहीं लक्षणांना वाट पाहणें ठाऊक नसतें. बाळाची हालचाल नेहमीपेक्षां कमी वाटणें, अंगावर रक्त जाणें, पाणी फुटणें, ताप येणें, पुरळ नसतांना तळहात व तळपाय यांना रात्रीं असह्य खाज सुटणें, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणें, यांपैकीं कांहींहि झालें, तर वाक्य अर्धें टाकून उठावें. लिहिण्यांत रंगलेल्या स्त्रीच्या ध्यानांत बाळाची हालचाल येत नाहीं, हा अनुभव सामान्य आहे. म्हणून दिवसांतून एकदां तरी, लिहिणें बाजूस ठेवून, कुशीवर पडून त्या हालचालीकडेच लक्ष द्यावें. शंका राहिली, तर सकाळपर्यंत थांबूं नये.

वेळेवर मिळणाऱ्या मदतीचें मोल महाराष्ट्राला ज्यांच्या चरित्रांतून कळलें, त्या डॉ. आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. त्या दुःखांतूनच त्यांचा वैद्यकाकडे ओढा झाला. सन १८८६ मध्यें पेन्सिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. बाळंतपणाचें दुःख सोसलेल्या स्त्रीनें त्याच विषयावर लेखणी चालविली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

अलीकडचें उदाहरण पुण्याच्या विषाणुतज्ज्ञ मीनल डाखवे-भोसले यांचें. सन २०२० च्या मार्चमध्यें कोरोनाच्या चांचणीचा संच त्यांच्या चमूनें तयार केला. गर्भारपणांतील गुंतागुंतीमुळें त्यांना आधीं रुग्णालयांत राहावें लागलें होतें. संच परीक्षणासाठीं सोंपविल्यानंतर दुसऱ्याच दिवशीं त्यांना कन्या झाली. या गोष्टीचें सर्वत्र कौतुक झालें, आणि तें यथायोग्यच होतें. मात्र तिच्यावरून प्रत्येक गर्भवतीनें अखेरच्या दिवसापर्यंत राबलेंच पाहिजे असा अर्थ काढणें चुकीचें होईल. त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्यामागें वैद्यकीय देखरेख होती आणि हातांतलें काम उचलणारे सहकारीहि होते, हा त्यांतला खरा बोध आहे.

एकट्यानें लिहिणाऱ्या स्त्रीला असा चमू नसतो. म्हणून तो घरांतून उभा करावा लागतो. बोलून लिहिलेला खर्डा भावानें नीट करावा, मुद्रितें नवऱ्यानें पुण्याहून तपासावींत, आईनें गोळीची वेळ सांभाळावी, वडिलांनीं वाहनाची व्यवस्था ठेवावी. संपादकालाहि प्रसूतीची अपेक्षित तारीख आधींच कळवावी, आणि मजकुराची मुदत तिच्या निदान चार आठवडे अलीकडे ठरवून घ्यावी, कारण बालक पंचांग पाहून येत नाहीं. मुदत चुकली, तर अंक एक महिना उशिरां निघेल, आणि वाचक तेवढा उशीर आनंदानें सोसतील. पण डोकेदुखीच्या रात्रीं "एवढें पान संपवितें आणि मग पाहूं" असें म्हणण्यांत जो उशीर होतो, तो कोणालाच भरून काढतां येत नाहीं. बधिर बोटें, जळजळ, सुटलेला शब्द आणि गेलेली वीज हीं सर्व पुढें विसरलीं जातील. तेवढी एक गोष्ट मात्र घरांतल्या प्रत्येकानें आज लक्षांत ठेवावी.